ऐकणारी संगीतकार : प्रस्तावना

अमेरिकन संगीतकार एरन कोपलँडचा ‘रोडिओ’ हा बॅले १९४२ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आला. त्यातला ‘हो-डाउन’ हा अखेरचा भाग पुढे बॅलेबाहेर पडला, जाहिरातींत वाजला, रॉक वाद्यवृंदांनी उचलला आणि ‘अमेरिकेचा आवाज’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. त्या भागाची मुख्य धून कोपलँडने रचलेली नाही. केंटकी राज्यातल्या सॅलियर्सव्हिल भागातला विल्यम हॅमिल्टन स्टेप नावाचा फिडलवादक ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही जुनी धून आपल्या ढंगाने वाजवत असे. इतर वादक ती कूचगीतासारखी संथ वाजवत. स्टेपने तिला नाचाचा वेग दिला होता. १९३७ मध्ये लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने त्याचे वादन तबकडीवर ध्वनिमुद्रित केले आणि ती तबकडी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा झाली. कोपलँडने धून घेतली ती एका छापील पुस्तकातून, आणि घेतली ती जवळपास जशीच्या तशी.

म्हणजे स्टेपचा गज आणि कोपलँडचा वाद्यवृंद यांच्यामध्ये आणखी कुणीतरी बसले होते. ती तबकडी पुन्हा पुन्हा लावून, गज कुठे वळला, जोर कोणत्या मात्रेवर आला, आधारस्वराची तार कुठे घुमत राहिली हे कानाने टिपून कुणीतरी कागदावर उतरवले होते. ते काम रूथ क्रॉफर्ड सीगरने केले. हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे असण्याची शक्यता कमी. आडनाव मात्र ओळखीचे वाटेल. ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणे जगभर नेणाऱ्यांत ज्याचे नाव आधी घेतले जाते, तो पीट सीगर हा रूथचा सावत्र मुलगा. त्याच गाण्याचे ‘हम होंगे कामयाब’ हे हिंदी रूप महाराष्ट्रातल्या शाळांतून दोन-तीन पिढ्यांनी म्हटले आहे. पण रूथकडे पीटच्या वाटेने जाऊ नये. तिचे स्वतःचे काम इतके मोठे आहे की त्याला कुणाच्या नात्याचा टेकू लागत नाही.

तिचा जन्म ३ जुलै १९०१ रोजी ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूल गावी झाला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, त्यामुळे लहानपण गावे बदलण्यात गेले. ती तेरा वर्षांची असताना वडील क्षयाने गेले. आईने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला खाणावळीसह भाडेकरू ठेवून घर चालवले आणि मुलीचे पियानोचे शिक्षण मोडू दिले नाही. १९२१ मध्ये रूथ शिकागोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाली. एक वर्ष शिकायचे, शिक्षिकेचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि परतायचे, असा बेत होता. ती परतली नाही. आडॉल्फ वाइडिगकडे रचनाशास्त्र शिकता शिकता आपल्याला वाजवण्यापेक्षा रचायचे आहे हे तिला कळले. पियानोच्या शिक्षिका जेन लाव्हवा-हर्त्स यांच्या घरी तिला स्क्रियाबिनचे संगीत, थिऑसफी आणि हेन्री कॉवेलसारखे बंडखोर मित्र एकदमच भेटले. कवी कार्ल सँडबर्गच्या मुलींना ती पियानो शिकवी. सँडबर्गने १९२७ मध्ये ‘द अमेरिकन साँगबॅग’ हा लोकगीतांचा संग्रह काढला, तेव्हा त्यातल्या काही गीतांची पियानोसाथ तिने लिहिली. लोकगीत तिच्या आयुष्यात आले ते असे, ऐन उमेदवारीच्या काळात. ‘आधी आधुनिक संगीतकार, मग लोकसंगीताची अभ्यासक’ अशी जी सोयीची वाटणी केली जाते, ती इथेच गैरलागू ठरते.

आता ज्या दोन क्षेत्रांत ती वावरली त्यांची थोडी ओळख करून देतो. दोन्ही आपल्याला परकी आहेत, तरी अवघड नाहीत.

पहिले क्षेत्र १९२०च्या दशकातल्या अमेरिकन नवसंगीताचे. अमेरिकेतले अभिजात संगीत तोवर युरोपच्या, विशेषतः जर्मनीच्या छायेत वाढले होते. पहिल्या महायुद्धानंतर तरुण संगीतकारांपुढे दोन वाटा दिसू लागल्या. कोपलँड, व्हर्जिल टॉमसन वगैरे मंडळी पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिकली आणि स्वच्छ, आटोपशीर, श्रोत्याला सामावून घेणाऱ्या शैलीकडे वळली. दुसरा गट स्वतःला अल्ट्रामॉडर्न म्हणवणारा. कॉवेल, कार्ल रगल्स, एडगार व्हारेझ आणि वयाने बरेच ज्येष्ठ असलेले चार्ल्स आइव्ह्ज ही त्यातली ठळक नावे. युरोपची उसनवारी पुरे, अमेरिकेला स्वतःचा नाद शोधावा लागेल, तो कानाला टोचला तरी चालेल, असे या गटाचे म्हणणे. कॉवेलने १९२७ मध्ये ‘न्यू म्युझिक’ हे त्रैमासिक काढले. त्यात लेख नसत, थेट नव्या रचनांची स्वरलिपीच छापली जाई. १९२८ मध्ये त्यात रूथच्या चार पियानो प्रिल्यूड छापून आल्या.

या गटाचा विचारवंत होता चार्ल्स सीगर. बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत असताना, १९१०च्या दशकात, त्याने एक पद्धत बेतली होती. आपल्या संगीतात षड्ज धरून एक सुरावट चालते. युरोपीय संगीतात एकाच वेळी दोन, तीन, चार स्वतंत्र सुरावटी चालतात आणि त्यांचे एकमेकींशी नाते जुळवण्याची विद्या म्हणजे काउंटरपॉइंट. तिचा शतकानुशतकांचा नियम असा, की खटकणारा स्वरमेळ आणायचा झाला तर त्याची आधी तयारी करावी आणि त्याला चटकन गोड मेळात सोडवावे. सीगरने हा नियम उलटा केला. खटकणारा मेळ हाच पाया मानावा आणि गोड मेळ चुकून आलाच तर त्याला सोडवून बाहेर पडावे. ऐकायला हा विक्षिप्तपणा वाटेल. त्यामागचा हेतू मात्र खोल होता. गोड मेळात आवाज एकमेकांत विरघळतात. खटकणाऱ्या मेळात प्रत्येक आवाज वेगळा, स्वतःच्या पायावर उभा ऐकू येतो.

१९२९ च्या शरद ऋतूत रूथ न्यूयॉर्कला आली आणि सीगरकडे शिकू लागली. बाईमाणसाच्या हातून मोठी संगीतरचना होईल याबद्दल सीगर सुरुवातीला साशंकच होता. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या संगीतअभ्यासकांची एक सभा, रूथ जिच्या घरी राहत होती त्या ब्लांश वॉल्टनच्या दिवाणखान्यात भरली, तेव्हा बायकांना तिथे बसू दिले गेले नाही. रूथने ती चर्चा बाजूच्या खोलीतून, दाराआडून ऐकली. त्याच वर्षी तिला गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री संगीतकार. त्या पैशावर ती बर्लिनला गेली, बुडापेस्टला बार्टोक आणि व्हिएन्नाला आल्बान बर्ग या संगीतकारांना भेटली. १९३१ मध्ये तिने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेले स्ट्रिंग क्वार्टेट ही विसाव्या शतकातली एक थोर रचना आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या तिसऱ्या भागाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या पुस्तकाचा सारा युक्तिवाद तिथे सुरू होतो. चारही वाद्ये लांब लांब स्वर धरून ठेवतात, एकमेकांना अगदी लगटून. कुणीही ठळक सुरावट वाजवत नाही. फक्त एकेकाचा आवाज क्षणभर फुगतो आणि ओसरतो, प्रत्येकाचा वेगळ्या वेळी. ऐकणाऱ्याच्या कानात या फुगवट्यांची मिळून एक धून तयार होते, जी कोणत्याही एका वादकाच्या कागदावर नाही. चौथा भाग याच्या अगदी उलट, हिशेबाचा. पहिले व्हायोलिन एका स्वराने सुरू होते, मग दोन, मग तीन, असे वाढत जाते. बाकीची तीन वाद्ये एकत्र, वीस स्वरांच्या लांब ओळीपासून एकेक कमी करत येतात. मध्यावर पोहोचल्यावर सगळे उलट्या पावलांनी परत फिरते. एवढे गणित असूनही ते वाजते तेव्हा दोन हट्टी माणसांचा वाद ऐकल्याचा भास होतो. कॉवेलने १९३४ मध्ये तिसऱ्या भागाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. सँडबर्गच्या कवितांवरची तिची तीन गाणी १९३३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नवसंगीत महोत्सवात गायली गेली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती या क्षेत्रात अगदी पुढे होती.

आणि मग तिने जवळपास वीस वर्षे या प्रकारचे संगीत लिहिले नाही.

का लिहिले नाही, याची उत्तरे अनेकांनी दिली आहेत. १९३२ मध्ये तिने चार्ल्सशी लग्न केले. १९३३ ते १९४३ या काळात माइक, पेगी, बार्बरा आणि पेनी ही चार मुले झाली. चार्ल्सला पहिल्या लग्नाचे तीन मुलगे होते. महामंदीचा काळ, हातात पैसा नाही, आणि आजूबाजूला भाकरीसाठी रांगा लागलेल्या असताना मूठभरांसाठी अवघड संगीत लिहावे का, हा प्रश्न डाव्या विचारांच्या या दांपत्याला छळत होता. न्यूयॉर्कच्या ‘कंपोझर्स कलेक्टिव्ह’मध्ये चार्ल्स आणि त्याचे सहकारी कामगारांसाठी क्रांतिगीते रचत. ती कामगार गात नसत. केंटकीच्या खाणकामगारांतून आलेली ऑन्ट मॉली जॅक्सन तिथे येऊन स्वतःची गाणी गायली, तेव्हा लोक खरोखर काय गातात हे चार्ल्सला उमगले. १९३५ च्या अखेरीस त्याला वॉशिंग्टनमध्ये रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यात नोकरी लागली, कुटुंब तिकडे गेले, आणि रूथच्या हाती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तबकड्या आल्या.

इथे दुसऱ्या क्षेत्राची ओळख करून द्यायला हवी. अमेरिकेत लोकगीते गोळा करण्याचा इतिहास रूथच्या आधी सुमारे सत्तर वर्षांचा होता. गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, १८६७ मध्ये, ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा संग्रह निघाला. त्याच्या तीन संपादकांपैकी ल्यूसी मकिम गॅरिसन ही संगीत जाणणारी तरुण स्त्री होती. काळ्या गायकांच्या गळ्यातले वळसे आपल्या स्वरलिपीत बसत नाहीत, अशी कबुली त्या संग्रहाच्या संपादकांनी तेव्हाच दिली होती. विद्यापीठांत वेगळा प्रवाह वाहत होता. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने ३०५ इंग्रजी-स्कॉटिश पोवाडेवजा कथागीतांचे पाठ अतिशय काटेकोरपणे छापले. त्याच्या लेखी ते साहित्य होते आणि चालीला त्यात दुय्यम जागा होती. या दृष्टीला धक्का दिला ऑलिव्ह डेम कॅम्बेलने. ॲपलाचिया डोंगरांत तिने गीते चालींसह टिपली आणि इंग्लंडहून आलेल्या सेसिल शार्पला दाखवली. दोघांच्या नावे १९१७ मध्ये निघालेला संग्रह ही चालीला मान देणाऱ्या पंथाची सुरुवात. शार्पचे मन मात्र डोंगरात टिकून राहिलेले जुने इंग्लंड शोधण्यात रमले होते. तिथल्या काळ्या गायकांकडे आणि बँजोकडे त्याचे फारसे लक्ष गेले नाही.

तिसरा पंथ यंत्र घेऊन आला. १८९० मध्ये जेसी फ्यूक्सने मेनमधल्या पासामाक्वॉडी या आदिवासी जमातीची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली. ॲलिस फ्लेचरने ओमाहा जमातीतल्याच फ्रान्सिस ला फ्लेशच्या साहाय्याने, आणि पुढे फ्रान्सेस डेन्समोरने, दशकानुदशके हे काम केले. या क्षेत्रात स्त्रिया सुरुवातीपासून आहेत हे मुद्दाम नोंदवतो, कारण इतिहास लिहिताना त्यांना ‘साहाय्यक’ म्हणून मागच्या बाकावर बसवण्याची प्रथा जुनी आहे. चौथा पंथ लोमॅक्स पितापुत्रांचा. जॉन लोमॅक्सने १९१० मध्ये काउबॉय गीतांचा संग्रह काढला होता. १९३३ मध्ये तो आणि अ‍ॅलन मोटारीत ध्वनिमुद्रणाचे जड यंत्र घालून दक्षिणेतल्या तुरुंगांत, शेतांवर, खेड्यांत हिंडले. लुइझियानाच्या तुरुंगात त्यांना लेड बेली हा गायक भेटला. लोकगीत पुराणवस्तू नसून आजच्या माणसाचे बोलणे आहे, हे लोमॅक्सनी अमेरिकेला पटवले. झोरा नील हर्स्टनसारखी काळी लेखिका आपल्याच लोकांत राहून गाणी आणि कथा गोळा करत होती. ती १९३५ मध्ये अ‍ॅलनबरोबरही फिरली. तिचे काम एका वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

लोमॅक्सनी आणलेल्या तबकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न रूथच्या वाट्याला आला. ‘अवर सिंगिंग कंट्री’ (१९४१) या संग्रहाची ती संगीत-संपादक होती. एकेक तबकडी ती पुन्हा पुन्हा ऐके, संथ करून ऐके, गाऊन पाही, लिही, खोडी, पुन्हा ऐके. घरातली मुले त्याच आवाजांत वाढली.

स्वरलिपी म्हणजे काय आणि ती काय गमावते, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. भातखंडे यांनी घराण्यांच्या चीजा लिहून छापल्या, तेव्हापासून आपल्याकडे तो चालू आहे. लिहिलेली चीज ही चीज नव्हेच, असे म्हणणारे गवई होते, आणि लिहिली नसती तर ती राहिलीच नसती असे म्हणणारे अभ्यासकही. रूथपुढे हाच पेच अधिक बारीक होऊन आला. गाणारा श्वास घ्यायला थांबतो आणि चार मात्रांचे आवर्तन पाचाचे होते. दुसऱ्या कडव्यात तीच ओळ साडेचाराची होते. गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी. आधीचे बहुतेक संग्राहक अशा ठिकाणी चाल ‘नीट’ करून देत, चाराचे चार करून टाकत. स्वतः लोकगीते गोळा करणाऱ्या बार्टोकने दुसरे टोक गाठले. त्याने प्रत्येक कण, प्रत्येक थरथर लिहिली, आणि त्याची पाने विद्वानाशिवाय कुणाला वाचता येईनात. रूथला दोन्ही नको होते. पाने गाता आली पाहिजेत, आणि गाणाऱ्याची जी ‘अनियमितता’ त्याच्या गाण्याचा प्राण आहे ती पुसली जाता कामा नये. म्हणून ती एका गाण्याची सगळी कडवी ऐकून पाही, गायक बहुतेक वेळा काय करतो हे ठरवी, आणि जिथे त्याने वेगळे केले ते टिपेत देई. मात्रा मोडल्या तर मोडू देई. यावरून तिचे लोमॅक्सशी आणि प्रकाशकांशी खटके उडाले. सामान्य वाचक बिचकेल, अशी त्यांची भीती होती.

या संग्रहासाठी तिने संगीतविषयक प्रस्तावना लिहायला घेतली आणि ती वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथाएवढी झाली. छापला तो तिचा छोटासा सारांश. मूळ ग्रंथ ‘द म्युझिक ऑफ अमेरिकन फोक साँग’ या नावाने २००१ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर ४८ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. लोकगायक कसे गातात याचे इतके सूक्ष्म वर्णन त्या काळात क्वचितच कुणी केले असेल. दुःखाचा प्रसंग आला म्हणून गायक आवाज हळवा करत नाही. शेवट आला म्हणून लय संथ करत नाही. लहानमोठा आवाज करून भाव दाखवत नाही. पहिल्या कडव्याचा जोर शेवटच्या कडव्यापर्यंत तसाच ठेवतो, आणि गोष्ट तिच्या अंगभूत बळावर पुढे जाते. शहरी गायकाने लोकगीत गाताना यातले काय पाळावे, हेही ती सांगते. आपल्याकडे जात्यावर ओवी गाणारी बाई ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वर्णन लगेच पटेल.

माझे म्हणणे आता मांडतो. रूथच्या चरित्राचे दोन साचे रूढ आहेत. १९७०च्या दशकापासून स्त्रीवादी अभ्यासकांनी तिचे क्वार्टेट पुन्हा पुढे आणले आणि संसाराने, नवऱ्याने, गरिबीने गप्प केलेली प्रतिभा असे तिचे चित्र उभे केले. लोकसंगीताच्या वर्तुळात तिची ओळख उलट, सीगर घराण्याची माता, मुलांच्या गाण्यांची प्रेमळ संपादक. मटिल्डा गोमचे चरित्र (१९८६), जोसेफ स्ट्राउसचे तिच्या रचनांचे विश्लेषण (१९९५) आणि ज्युडिथ टिकचे मोठे चरित्र (१९९७) यांनी हे साचे बरेच मोडले. या तिघांचे ऋण या पुस्तकावर आहे. तरीही एक गोष्ट ठासून सांगायची राहिली आहे असे मला वाटते. क्वार्टेट लिहिणारा कान आणि स्टेपची धून टिपणारा कान एकच आहे. चार आवाज एकमेकांत न विरघळता आपापल्या हट्टाने चालले पाहिजेत, हे ज्या बाईने रचनेत साधले, तिलाच डोंगरातल्या गायकाची पाचवी मात्रा जपावीशी वाटली. दुसऱ्याचा आवाज आपल्या सोयीसाठी गोड करायचा नाही, ही एकच निष्ठा दोन्ही कामांत आहे. तिने रचना सोडून नोंद पत्करली असे म्हणणाऱ्याने नोंद करण्यात किती रचना असते हे पाहिलेले नाही.

याचा अर्थ तिचे नुकसान झाले नाही असा मुळीच नाही. झाले, आणि ते भरून न येणारे होते. लग्नाच्या सुमारास तिने आपला व्हायोलिन सोनाटा जाळला. तिची शिकागोची विद्यार्थिनी व्हिव्हियन फाइन हिच्याकडे प्रत राहिली म्हणून ती रचना आज वाजवता येते. घरकाम, मुले, पियानोच्या शिकवण्या आणि पैशाची ओढाताण यांतून उरलेल्या वेळात तिने तबकड्या ऐकल्या. १९३९ मध्ये रेडिओसाठी लिहिलेले ‘रिसॉल्टी रॉसॉल्टी’ सोडले तर त्या काळात वाद्यवृंदासाठी म्हणावे असे काही नाही. १९५२ मध्ये तिने पाच फुंकवाद्यांसाठी सुईट लिहिला. त्याला पारितोषिक मिळाले आणि पुन्हा रचनेकडे वळायचे तिच्या मनात पक्के झाले. १८ नोव्हेंबर १९५३ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने ती गेली. त्याच वर्षी चार्ल्सला राजकीय संशयाच्या वातावरणात पॅन अमेरिकन युनियनमधली नोकरी सोडावी लागली होती.

मुलांच्या गाण्यांविषयी लोक हसून बोलतात, म्हणून त्यांवर या पुस्तकात एक मोठा भाग ठेवला आहे. सिल्व्हर स्प्रिंगच्या सहकारी बालवाडीत रूथ १९४०च्या दशकात गाणी शिकवत असे. त्यातून ‘अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रन’ (१९४८), मग प्राण्यांच्या गाण्यांचा आणि नाताळच्या गाण्यांचा असे तीन संग्रह झाले. बालवाडीतल्या पियानोला लहान मुलांना शोभेल अशी गुळमुळीत साथ तिने लिहिली नाही. साथ मोजकी, मोकळी, कधी एखाद्या खटकत्या स्वराने जागी ठेवणारी. मुलाने गाण्यात स्वतःचे नाव घालावे, ओळ बदलावी, टाळ्या वाजवाव्यात, गाणे थांबवू नये, हे ती सांगत राहते. हजारो शिक्षकांनी ही पुस्तके वापरली. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत लोकगीतांची जी लाट आली, तिच्यातल्या मुलांच्या कानावर ही गाणी आधीच पडलेली होती. तिच्या घरातून माइक सीगर निघाला, ज्याने १९५८ मध्ये न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स स्थापून जुनी वादनशैली तंतोतंत जपली; आणि पेगी सीगर निघाली, जिने इंग्लंडला जाऊन स्वतःची गाणी रचली.

त्याच घरात एलिझाबेथ कॉटन घरकामाला होती. एका दुकानात हरवलेल्या छोट्या पेगीला तिने आईकडे पोहोचवले आणि त्या ओळखीतून तिला हे काम मिळाले. ही काळी बाई मुलीच्या वयात स्वतः गाणी रचत होती, डावखुरी असल्याने गिटार उलटी धरून वाजवत होती, आणि नंतर कित्येक वर्षे तिने वाद्याला हात लावला नव्हता. सीगरांच्या भिंतीवरची गिटार तिने उतरवली तेव्हा घराला कळले. माइकने तिचे ध्वनिमुद्रण केले, १९५८ मध्ये तिची पहिली तबकडी निघाली आणि साठीत तिची कारकीर्द सुरू झाली. दरम्यान तिचे ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर नोंदले गेले होते. लोकसंगीतावर जीव टाकणाऱ्या घरातही भांडी घासणारीचे गाणे ऐकू यायला वेळ लागला, आणि ऐकू आल्यावर ते दुसऱ्यांनी उचलले. रूथचे गुणगान करताना ही गोष्ट वगळली असती तर हे पुस्तक अप्रामाणिक झाले असते. स्टेपलाही ‘हो-डाउन’च्या यशातून काही मिळाले नाही.

आज हे सारे मराठीत का सांगायचे? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुष्कळ तबकड्या आता कुणालाही घरबसल्या ऐकता येतात. स्टेपचे वादन लावून रूथचे पान समोर ठेवता येते आणि तिने काय ऐकले, काय सोडले हे स्वतः तपासता येते. लोकांचे गाणे कुणाचे, श्रेय कुणाचे, पैसा कुणाचा, हे प्रश्न आता लोकगीताच्या दोन ओळी उचलून चित्रपटगीत करणाऱ्या आपल्या उद्योगालाही लागू आहेत. आणि आपल्याकडचा अनुभव या चरित्राशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे संग्रहामागून संग्रह काढले, हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. आपले छापील संग्रह मुख्यतः शब्दांचे आहेत. ओवी साहित्य म्हणून वाचली गेली. ती गायली कशी जाते, श्वास कुठे पडतो, जात्याच्या फेऱ्याशी तिची लय कशी बांधलेली असते, याची नोंद फार कमी झाली. अशोक रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्रा’त याची दिशा दाखवली. कुमार गंधर्वांनी आजारपणानंतर देवासला माळव्याची लोकगीते ऐकली, लिहिली, आणि त्यांतून धुनउगम राग बांधले. रचनाकार आणि लोकसंगीताचा अभ्यासक एकाच देहात असला की काय घडते याचे आपल्याजवळचे ते सर्वांत मोठे उदाहरण. रूथचे आयुष्य वाचताना मला कुमारांची वारंवार आठवण झाली.

या पुस्तकात तिचे आयुष्य क्रमाने सांगितले आहे, पण भर तिच्या कामाच्या रीतीवर आहे. तिच्या रचना स्वरलिपी न येणाऱ्या वाचकाला ऐकता याव्यात अशा बेताने समजावल्या आहेत. त्यासाठी आपल्या संगीतातल्या संज्ञा जिथे खरोखर जुळतात तिथेच वापरल्या आहेत. तिने लिहिलेली काही गाणी मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली आहेत. चार्ल्सला खलनायक केलेले नाही आणि त्याला माफही केलेले नाही. क्वार्टेटची चर्चा वाचण्याआधी त्याचा तिसरा भाग एकदा ऐकून घ्यावा, तो चार-पाच मिनिटांचाच आहे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी आजी-पणजीच्या आवाजातल्या ओव्यांची, भोंडल्याच्या किंवा लग्नातल्या गाण्यांची जुनी कॅसेट असेल, तर तिचे शब्द वहीत उतरवून कॅसेट टाकून देऊ नका. आधी आवाज डिजिटल करून घ्या. गाणारीचे पूर्ण नाव, तिचे गाव आणि ध्वनिमुद्रणाचे साल लिहा, आणि ते तिच्या घरच्यांच्या परवानगीने एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या लोकसाहित्य विभागाला द्या. चाल कशी लिहायची हे नंतर ठरवता येईल.